बाटलीतलं पाणी

दि. ११ ऑक्टोबर

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं मागचं पत्र येऊन किती दिवस झाले ते मला आठवत नाही, आणि तुम्हाला तर नाहीच नाही. डोंगरावर फोन लागत नाही ही तुमची सबब चांगली आहे, पण पत्राला काही रेंज लागत नाही हो! असो. आज रागावत नाही, कारण काम माझंच आहे.

गाठीचं तुमच्या दादांनी सांगितलंच असेल. शाळेचे गणवेश शिवायला मशीनवर ओणवी झाले की डाव्या छातीत काहीतरी टोचायचं. आधी वाटलं, ब्लाउजची शिवणच जाड राहिली. गावाचे कपडे शिवते आणि स्वतःचे धड शिवत नाही, म्हणून स्वतःलाच हसले. मग एकदा अंघोळ करताना हाताला लागली. बोरापेक्षा मोठी, दगडासारखी. यांना सांगायला आठवडा घालवला, कारण सांगितलं की हे घाबरणार आणि मग मलाच यांची समजूत काढत बसावं लागणार. झालंही तसंच.

खालच्या गावातल्या दवाखान्यात गुरुवारी मोठे डॉक्टर येतात. त्यांनी तेवढ्यापुरती भूल देऊन गाठीचा तुकडा काढला. तिथे तपासायची सोय नाही, म्हणून तो बाटलीत घालून यांच्या हाती दिला आणि शहरातल्या लॅबमध्ये पोचवा म्हणाले. म्हणजे तुम्ही नोकरी करता तिथेच की! म्हटलं चला, तुकडा ओळखीच्या हातात पडेल.

यांनी तुमच्याकडे उभ्या उभ्या चहा घेतला आणि परतीची गाडी धरली, असं कळलं. पहाटे गावाला पाणी सोडायचं असतं ना, जीव सगळा त्या टाकीत अडकलेला. पण वाटेतली गंमत त्यांनी तुम्हाला सांगितली नसेल. बाटलीचं झाकण सैल होतं. आतलं पाणी पाझरायला लागलं, आणि वास तर असा की डोळ्यांना झोंबावा. बसमधले लोक नाकाला रुमाल लावून कुरकुरायला लागले. शेवटी घाटातल्या थांब्यावर यांनी ते घाण पाणी ओतून दिलं, बाटली खळखळून धुतली आणि स्वतःजवळचं उकळून गार केलेलं पाणी भरलं. घरी येऊन मला म्हणाले, तुझा तुकडा असल्या घाणीत कशाला ठेवायचा? मला हसूही आलं आणि डोळे भरूनही आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असलं कौतुक कधी वाट्याला आलं नव्हतं.

रिपोर्ट लवकर पाठवा. मी वरून हसते, पण आतून माझी पाचावर धारण बसली आहे. तुमच्यावर माया आहेच, तुमचीही पत्रातून दिसू दे.

तुमची,
वहिनी


दि. १९ ऑक्टोबर

ती. दादांस,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला हात धजत नव्हता. तुम्ही इतक्या लांबून आणलेली बाटली लॅबमध्ये माझ्या हातून निसटली. फरशीवर पडून फुटली, आणि तुकडा तपासण्याजोगा राहिला नाही. चूक सर्वस्वी माझी आहे, दुसऱ्या कुणाचीही नाही.

दादा, वहिनींचा आणखी एक तुकडा काढावा लागेल. त्याशिवाय गाठ कसली आहे ते कळणार नाही आणि औषधही सुरू करता येणार नाही. येत्या गुरुवारीच घेऊन जा. बाटली न्यायला मी स्वतः खाली येतो, तुम्हाला टाकी सोडून यावं लागणार नाही. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण गुरुवार चुकवू नका.

वहिनींना नमस्कार सांगा. क्षमा करून पूर्वीसारखाच जीव लावा.

तुमचा,
बारक्या


दि. २७ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा खरं वाटेना. मी ती बाटली घरापासून तुझ्या खिडकीपर्यंत मांडीवर धरून आणली. स्वच्छ ठेवून आणली. आणि तुला ती तिथल्या तिथे सांभाळता आली नाही!

तुझ्या वहिनीची जखम अजून ओली आहे. कूस बदलली की कण्हते. मी समोर असलो की कण्हत नाही, हे आणखी वाईट. आणि तू लिहितोस, पुन्हा कापा. आपलं घरचं माणूस आत असून ही तऱ्हा, तर परक्यांच्या हाती मी काय म्हणून देऊ? तुकडे पाडायला ती काही कापडाचं ठाण नाही.

पुन्हा कापू देणार नाही. एकाने लेप दिला आहे, तो लावतो. गाठ मऊ पडल्यासारखी वाटते. आईवडलांमागे तुला वाढवलं, शिकवलं, कुणाला सांगायला गेलो नाही. तुझ्याकडून एक बाटली धरण्याची अपेक्षा केली होती. इकडे येऊ नकोस.

दादा


दि. ६ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम शाळेच्या बाईंच्या पत्त्यावर पाठवतो आहे. गणवेशांच्या मापांबरोबर त्या तुमच्या हाती देतील. वाचलंत की चुलीत घाला.

वहिनी, बाटली माझ्या हातून पडली नव्हती. ती फुटलीच नव्हती. त्यातलं जे झोंबणारं पाणी दादांनी ओतून दिलं ते पाणी नव्हतं, औषध होतं. गाठीचा तुकडा त्यातच टिकतो. साध्या पाण्यात तो सडतो, मग ते पाणी कितीही उकळलेलं असो. मी झाकण उघडलं तेव्हा तो वास आला नाही, त्यावरूनच समजलो. तरी तुकडा मेणात बसवला, त्याचे पापुद्रे कापले, काचेवर घेऊन आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, ह्यातून काहीच ओळखता येत नाही. कसं झालं ते मला उमगेना, आणि मग तुमचं पत्र हातात पडलं.

दादांना हे कसं लिहिणार होतो? बायकोच्या काळजीने केलेली गोष्ट, आणि तिच्यावरच उलटली. म्हणून आळ माझ्यावर घेतला. वाटलं, दोन दिवस शिव्या घालतील आणि गुरुवारी पुन्हा तुकडा काढून आणतील. ते माझ्यावरचा राग दवाखान्यावर काढतील आणि तुम्हाला घरात बसवून ठेवतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांना विनवण्या करणारी कितीतरी पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. डिसेंबरात आलो तर त्यांनी अंगणातूनच परतवून लावलं. तुम्ही दारात आलात, आणि त्यांनी तुम्हाला आत पाठवलं. परतीच्या बसमध्ये मी लहान मुलासारखा रडलो.

आता बाई लिहितात की गाठ पदरावरूनही कळते. त्यांना तुमची फार काळजी वाटते. वहिनी, दादांना खरं कळवू का? कळलं तर ते त्याच दिवशी तुम्हाला खाली नेतील. पण नंतर त्यांचं काय होईल ते तुम्हीच जाणता, म्हणून तुम्हाला विचारतो. ह्या वेळी बाटली न्यायला मी येतो. काय ते ठरवा, पण आता उशीर नको. हात जोडतो.

तुमची माया मी गमावली असली तर तसंही लिहा, पण लिहा.

तुमचा,
बारक्या


दि. १७ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्यावर नाही, तुमच्यावर. यांनी केलं ते न कळून केलं. तुम्ही मात्र शिकलेसवरलेले, रोज हीच कामं करणारे, आणि तुम्हाला थाप मारायचं सुचलं! तुमच्या त्या चांगुलपणापायी मी अख्खा हिवाळा लेप थापत बसले. बाहेरचं कातडं सोललं, आतली गाठ आहे तिथेच. नाही, आहे तिथेही नाही, वाढली आहे. आता तुमच्यावर ओरडून झालं, तो विषय संपला.

यांना काहीही सांगायचं नाही. गावातले जुलाब थांबले ते यांनी पाण्यावर पहारा ठेवला म्हणून, असं लोक अजून बोलून दाखवतात. ह्या माणसाला आयुष्यात दुसरी मिरवायची गोष्ट नाही. त्याला सांगू, की तुमच्या पाण्यानेच घात केला? पुन्हा त्या टाकीची पायरी चढणार नाहीत. मी ओळखून आहे.

मग यांना तयार कसं केलं, तर सरळ भांडले. जेवण सोडण्याचं नाटक मला जमत नाही, भूक लागते. म्हणून मशीन बंद ठेवलं. शाळेचे गणवेश अडले. बाई दारात, पोरांच्या आया दारात. मी म्हणायची, गाठीचा निकाल लागल्याशिवाय सुईत दोरा ओवणार नाही, काय ते यांना विचारा. हे टाकीवर गेले तर तिथेही बायका! शेवटी स्वतःच म्हणाले, चल बाई एकदाची.

परवाच्या गुरुवारी तुकडा काढला. मी डॉक्टरांना हळूच सांगितलं की झाकणाला चांगली चिकटपट्टी गुंडाळा आणि आमच्या माणसाला दम भरा, उघडायची नाही म्हणून. तुम्ही न्यायला येतो म्हणालात, पण नको. बाटली हेच आणतील. दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार नाही. मागच्या खेपेला यांनी आणली आणि वाया गेली, ह्या खेपेला यांनीच आणली आणि नीट पोचली, असं मला व्हायला हवंय. तुम्ही म्हणाल वहिनी खुळी आहे. असू दे.

हे पत्र पोचेल तोवर हे येऊन गेलेले असतील. खिडकीतून बाटली देतील आणि तोंड फिरवतील. सोसा. आळ घ्यायची हौस तुमचीच होती.

राग गेला, जीव आहे तसाच आहे. तुमचाही राहू दे.

तुमची,
वहिनी


दि. २ मे

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या खेपेला वॉर्डातून निघताना तुम्ही मला बाजूला घेऊन आजार कुठवर गेलाय ते विचारलंत आणि मी औषधाची पुडी शोधण्याच्या निमित्ताने पळालो. समोरासमोर बोलवत नाही, म्हणून लिहितो. कॅन्सर छातीपुरता राहिलेला नाही. काखेत गेला आहे, आणि फुप्फुसातही. सलाईनमधून देतात ते औषध त्याला थोपवेल, किती काळ ते डॉक्टरही सांगत नाहीत. काढून टाकण्याची वेळ गेली. आधी आला असतात तर गेली नसती का, हे मी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आता तसं कुणालाच सांगता येणार नाही.

घाटातून इतक्या लांब येऊन, सलाईन घेऊन, ओकत परत जाणं मला बघवत नाही. म्हणून इथल्या मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागलो होतो. त्यांनी मान्य केलं आहे. पहिली औषधं इथे घ्यायची, पुढची खालच्या दवाखान्यात. तिथल्या नर्सला शिकायला बोलावलं आहे, ती येऊन गेली की तुम्हाला शहर गाठावं लागणार नाही. तुकड्याच्या बाटल्याही आता घरच्या लोकांनी आणायच्या नाहीत. दुधाची गाडी रोज खालून येतेच, तिच्यात बंद डब्यातून येतील.

इथेच माझी अडचण आहे. गाडीपर्यंत, गाडीतून खिडकीपर्यंत, बाटली कितीतरी हातांतून जाणार. आमच्याकडे खराब होऊन आलेली तुमची एकच नव्हती, वहिनी. कुणी पाणी घालतं, कुणी मीठ. म्हणून डब्याच्या झाकणावर कागद लावायचं ठरलं आणि मजकूर मला लिहायला सांगितला. नुसतं ‘उघडू नका’ लिहिलं तर लोक उघडतात. का उघडायचं नाही ते लिहिलं तरच थांबतात. पण तसा कागद लावला आणि एखाद्या गुरुवारी दादांनी तो वाचला तर? मी लिहायला बसतो आणि उठतो. तुम्ही सांगाल तसं करेन.

तुमच्या आशीर्वादाचा भुकेला,
बारक्या


दि. १३ मे

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

खरं लिहिलंत ते बरं केलंत. वाचल्यावर थोडा वेळ गोठ्यामागे जाऊन बसले. भरपूर रडले, मग तोंड धुऊन भाकऱ्या थापल्या. मरायची भीती वाटते हो. ती वाटणार नाही असं मला वाटलं होतं.

डावा हात सुजून जड झाला आहे. कापड पुढे सरकत नाही, म्हणून मशीन बाईंच्या ओळखीतल्या एका मुलीला देऊन टाकलं. उजव्या हाताने पत्र तेवढं लिहिता येतं. तुमचं नशीबच खोटं, माझी बोलणी थांबत नाहीत.

कागदाचं विचारलंत. लावा. ठळक अक्षरांत लावा आणि कारणासकट लिहा. मी लपवा म्हटलं ते माझ्या घरापुरतं. बाकीच्यांच्या बायका, आया, त्यांचं काय? आमच्या घरातलं एक माणूस दुखावेल म्हणून दुसऱ्या कुणाचा तुकडा सडू द्यायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. यांनी वाचलं तर वाचलं. तेव्हा मी असले तर मी बघेन. नसले तर तुम्ही त्यांच्याजवळ या. हाकलून दिलं तरी जाऊ नका.

ते हल्ली माझे केस विंचरतात. आहेत कुठे म्हणा, पण विंचरतात.

जीव लावलात, तसाच त्यांनाही लावा.

तुमची,
वहिनी


दि. २० सप्टेंबर

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

ती गेली त्या दिवशी तू आलास, खांदा दिलास, आणि मी तुझ्याकडे पाठ करून उभा राहिलो. नंतरही तू ओसरीवर बसून होतास. मी जा म्हटलं, तू ऐकलं नाहीस. शेवटी मीच टाकीवर निघून गेलो आणि तू गेल्यावर परतलो.

शाळेच्या बाईंना काखेत गाठ लागली. त्या म्हणाल्या, तुम्हाला दवाखान्याची सवय आहे, सोबत चला. ह्या गुरुवारी घेऊन गेलो. डॉक्टरांनी तुकडा काढला, नर्सने डबा आणला. झाकणावर कागद होता. मला वाचायची सवय आहे, टाकीत टाकायच्या पावडरीच्या पिशवीवरचंही मी वाचतो. ‘बाटली उघडू नका. आतलं पाणी हे औषध आहे, ते ओतू नका. साधं पाणी घातलं तर तुकडा सडतो आणि तपासता येत नाही.’ नर्सला विचारलं, हे कुणी लिहिलं? ती म्हणाली, तुमच्याच भावाने की!

बाईंना घरी पोचवलं. मग कुठे गेलो ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी गावाला पाणी आलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. लोक दारावर येऊन गेले. टाकीची किल्ली मी सरपंचाच्या घरी टाकली आहे.

तुझ्या हातून बाटली पडली नव्हती. एवढं मला कळलं. तुला किती बोललो तेही आठवलं. ते सगळं नंतर. मला एकच सांग. तिला माहीत होतं का? हो की नाही, तेवढंच लिही. तू आता तरी माझ्याशी खोटं बोलू नकोस.

दादा


दि. २५ सप्टेंबर

ती. दादांस,
कृ. सा. न. वि. वि.

हो. वहिनींना माहीत होतं. मीच त्यांना फेब्रुवारीत लिहून कळवलं होतं.

तुम्ही तेवढंच लिही म्हणालात, पण तेवढ्यावर थांबलो तर तेही खोटंच होईल. दुसऱ्या वेळी बाटली न्यायला मी येतो म्हटलं, तर त्यांनी मला येऊ दिलं नाही. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही म्हणाल्या. त्यांचं ते पत्र माझ्याजवळ आहे, येताना घेऊन येतो. आणि वॉर्डातलं तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही तेव्हा खाली औषधांच्या रांगेत असायचात. सलाईन चढलं की त्यांच्या घशाखाली काही म्हणजे काही उतरायचं नाही. नर्स बाटलीबंद पाणी पुढे करायची, त्या मान फिरवायच्या. मग मला म्हणायच्या, भाऊजी, घरून यांनी आणलंय ते पाणी द्या, तेवढंच पोटात राहतं. दर खेपेला हेच. सगळं माहीत असून मागायच्या, दादा. मी पेला धरायचो आणि त्या डोळे मिटून घोट घोट प्यायच्या.

तुमच्या पाण्याने थोडे दिवस गेले. माझ्या थापेने सबंध हिवाळा गेला. ह्याची वाटणी आपण दोघं समोरासमोर बसून करू. तुम्ही एकट्याने करत बसू नका.

मी शनिवारच्या गाडीने येतो आहे. ह्या वेळी अंगणातून परत जाणार नाही. किल्ली सरपंचांकडून घेऊन ठेवा. गावाला पाणी तुम्हीच सोडायचं, मी सोबत वर येईन.

जीव लावायला आता आपण दोघंच उरलो आहोत.

तुमचा,
बारक्या